पाटी हातात येण्याआधी

पिंपळगाव राजात कोणालाही अंगणवाडी कुठे आहे असे विचारले, तर तो हात करून रस्ता दाखवील. तिथे पोरांना काय मिळते म्हणाल, तर ‘खिचडी’ हे उत्तर तयार असते. पण तिथे पोरे शिकतात काय, असे विचारले की माणूस जरा गोंधळतो आणि मग हसून म्हणतो, ‘‘काय शिकतीन लेकरं? खेयतात, खातात अन् येतात घरी.’’

यात तक्रारीचा सूर नसतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगाव तालुक्यातल्या या मोठ्या गावात, आणि तसे पाहिले तर वऱ्हाडातल्या कुठल्याही गावात, शिकणे म्हणजे पाटी, वही, पाढे आणि गृहपाठ. ज्याची परीक्षा होते ते शिक्षण. बाकीचे सारे वेळ घालवणे. शहरातला पालक वेगळ्या शब्दांत हेच बोलतो. तो वर्षाला हजारो रुपये भरून मुलाला नर्सरीत घालतो आणि तिसऱ्या महिन्यात विचारतो, ‘‘अजून लिहायला लागला नाही?’’

‘काय शिकतीन?’ हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचे उत्तर लांब आहे, आणि त्यातला मोठा भाग महाराष्ट्रातच, डहाणू तालुक्यातल्या एका टेकडीवर, अतिशय गरीब मुलांच्या सोबतीने शोधला गेला आहे. त्या टेकडीकडे वळण्याआधी वर्गात डोकावणे बरे.

कापूस, तूर आणि सोयाबीनच्या या मुलखात बालवाडीला साहित्य विकत आणावे लागत नाही. एका ताटात मूठमूठ तूर, मूग, हरभरा आणि सरकी मिसळून चार वर्षांच्या मुलापुढे ठेवावी, सोबत चार वाट्या द्याव्यात आणि बाजूला बसावे. (बाजूला बसायचेच. मुगाचा दाणा नाकात घालून पाहणारे एक तरी मूल प्रत्येक वर्गात असते.) मूल पहिल्यांदा रंगावर जाते. हिरवा मूग एकीकडे, लालसर तूर दुसरीकडे. मग हरभऱ्याचा आकार लक्षात येतो. सरकीला रुव्याचे तंतू चिकटलेले असतात, ती बोटांना वेगळी लागते. म्हणजे डोळ्यांनी सुरू केलेले काम आता बोटे पुढे नेतात. मध्येच एक सुरकुतलेला, काळपट हरभरा हाती येतो. हा हरभऱ्यात टाकायचा की वेगळा ठेवायचा? मूल थबकते. दाणा फिरवून पाहते. शेजारच्याकडे बघते. त्या थबकण्यात जे चालते ते गणिताचे मूळ आहे. कोणता गुण धरून गट करायचा आणि कोणत्या गुणाकडे दुर्लक्ष करायचे, हे ते मूल ठरवत असते. पुढे मोठेपणी सम-विषम संख्या, त्रिकोणांचे प्रकार किंवा सजीवांचे वर्गीकरण शिकताना हेच करावे लागते, फक्त ताटात दाणे नसतात.

त्याच वेळी आणखी एक काम उरकलेले असते. एकेक दाणा उचलताना अंगठा आणि तर्जनी यांची चिमटी बनते आणि मधले बोट आधाराला येते. पेन्सिल याच पकडीने धरतात. मुलाच्या मनगटातली आठही हाडे जन्मताना कूर्चेची असतात. ती एकेक करत वर्षानुवर्षे घट्ट होत जातात आणि शेवटचे हाड तयार व्हायला साधारण नऊ ते बारा वर्षांचे वय उजाडते. तीन वर्षांच्या मुलाला रेघांच्या वहीत ‘अ’ गिरवायला लावणारी मोठी माणसे एका अर्थी अर्धवट तयार हाताकडून पुऱ्या तयार हाताचे काम मागत असतात. मूल ते करूनही दाखवते, पेन्सिल मुठीत आवळून, जीभ बाहेर काढून, खांद्यापासून जोर लावून. अक्षर उमटते. पालक खूश होतात. मात्र पकड एकदा वेडीवाकडी बसली की पुढे ती सुधारणे शिक्षकाला जड जाते. मातीचे गोळे वळणे, मणी ओवणे, ओल्या कापडातले पाणी पिळणे, पानांचे ठसे उमटवणे हे सगळे लिहिण्याच्या आधीचे लिहिणे आहे. ते फळ्यावर दिसत नाही, म्हणून हिशेबात धरले जात नाही.

आकड्यांचेही असेच होते. चार वर्षांचे मूल एक ते वीस घडाघडा म्हणते आणि आजोबा पाहुण्यांसमोर त्याला पुन्हा पुन्हा म्हणायला लावतात. त्याच मुलापुढे सहा शेंगदाण्यांच्या दोन सारख्या ओळी मांडल्या आणि त्याच्या डोळ्यांदेखत एक ओळ लांब पसरली, तर ते बिनदिक्कत सांगते की लांब ओळीत शेंगदाणे जास्त आहेत. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी हा प्रयोग मांडला आणि त्यानंतर तो जगभर असंख्य वर्गांत केला गेला. मूल चुकते म्हणून तो महत्त्वाचा नाही. अंक म्हणणे आणि ‘किती’ हे समजणे यांत केवढे अंतर आहे ते तो दाखवतो. हे अंतर पाठांतराने कापता येत नाही. प्रत्येकाला एक ताटली, प्रत्येक ताटलीला एक चमचा, एक ताटली उरली म्हणजे आज कोण आले नाही, अशा रोजच्या व्यवहारातून ते हळूहळू कापले जाते.

मराठीत तर संख्यांची नावेच अवघड. बासष्ट म्हणताना दोन आधी येतो आणि लिहिताना सहा. एकोणतीस ऐकताना कानावर तीस पडतो. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी वाचनाची सोपी रीत जोडीला दिली, तेव्हा विधिमंडळापासून समाजमाध्यमांपर्यंत गदारोळ झाला. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी कारणे शांतपणे समजावून सांगितली. टिंगल करणाऱ्यांनी ती फारशी ऐकून घेतली नाहीत. सहा-सात वर्षांच्या मुलाला काय अवघड जाते या प्रश्नावर सगळा महाराष्ट्र भांडला, ही एरवी दुर्मीळ गोष्ट. भांडण भाषेच्या अभिमानाचे झाले आणि मूल बाजूलाच राहिले.

आता खेळ. ‘तळ्यात-मळ्यात’ सगळ्यांनी खेळलेला आहे. रेघेच्या एका बाजूला तळे, दुसऱ्या बाजूला मळा, आणि ताई म्हणेल तिकडे उडी. गंमत तेव्हा येते जेव्हा ताई तळ्यात उभ्या असलेल्यांना पुन्हा ‘तळ्यात’ म्हणते. अंग उडीला तयार झालेले असते आणि ते आवरायचे असते. ‘शिवाजी म्हणतो’ या खेळातही तेच. शिवाजी म्हणाला नसेल तर हात वर करायचा नाही. मनात आलेली कृती रोखणे, नियम डोक्यात धरून ठेवणे आणि तो बदलला की लगेच बदलणे, या तीन गोष्टींवर पुढे शाळेतले बरेचसे यश अवलंबून असते असे बालमानसशास्त्र सांगते. पोरे मात्र आपण उड्या मारतोय एवढेच समजतात, आणि ते बरेच आहे.

चिऊ-काऊच्या गोष्टीचे उदाहरण घ्या. कावळा भिजून दाराशी येतो आणि चिमणी एकामागून एक कामे पुढे करत दार उघडायला उशीर लावते. ही गोष्ट तीनदा ऐकलेले मूल चौथ्यांदा सांगणाऱ्याच्या पुढे धावते. आधी काय, मग काय, त्यानंतर काय, हा क्रम त्याला पाठ असतो आणि एखादे काम सांगायचे राहिले तर ते तिथल्या तिथे चूक काढते. वाचनाची तयारी यापेक्षा वेगळी नसते. ज्याला पुढे काय येणार याचा अंदाज बांधता येतो, तो पुढे ओळीतले न कळलेले अक्षरही अंदाजाने ओलांडतो. चिमणी बरोबर वागली का, यावर पाच वर्षांची मुले जो वाद घालतात तो ऐकण्याजोगा असतो. काहींना कावळ्याची दया येते. काहींचे म्हणणे, शेणाचे घर बांधायला त्याला सांगितले कोणी!

आणि खिचडी? गावकऱ्यांचे उत्तर चुकीचे नाही, अर्धे आहे. एकात्मिक बालविकास योजनेत तीन ते सहा वर्षांच्या मुलाला रोज ठरावीक उष्मांक आणि प्रथिने मिळावीत असे ठरलेले आहे, आणि उपाशी मूल काही शिकत नाही हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. पण त्या खिचडीभोवतीही एक वर्ग भरतो. साबणाने हात धुवायचे, ओळीत बसायचे, सगळ्यांना वाढून होईपर्यंत थांबायचे, आपली ताटली आपण उचलायची. समोर वाफाळती खिचडी असताना तीन वर्षांच्या मुलाने थांबणे ही सोपी गोष्ट नव्हे. घरी एकुलते एक, आजीच्या मांडीवर बसून खाणारे मूल इथे पहिल्यांदा पंधरा जणांतले एक होते. कोणाच्या शेजारी बसायचे नाही, असे घरून ऐकून आलेले मूलही इथे त्याच पंगतीत बसते.

हे सगळे आपोआप होते असे कोणी समजू नये. दाणे, माती, गोष्टी आणि खेळ यांना शिक्षण बनवते ती बाजूला बसलेली ताई. ‘‘हा हरभरा इथे का ठेवलास?’’ असा एक प्रश्न तिने विचारला नाही, तर ताटातले दाणे निवडणे हे मुलाला गप्प बसवण्याचे साधन होऊन जाते. ‘मुलांना खेळू द्या’ हे वाक्य अलीकडे फार स्वस्त झाले आहे. ज्यांनी हा विचार महाराष्ट्रात रुजवला, त्यांनी मुलांना नुसते मोकळे सोडले नव्हते.

बालवाडीची कल्पना तशी परदेशातली. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८३७ साली बाड ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांची संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. लाकडी गोल, घन आणि दंडगोल मुलांच्या हाती देऊन त्यांनी पहिल्यांदा ठामपणे म्हटले की खेळ हेच या वयाचे काम. इटलीत मारिया माँटेसरी या डॉक्टर बाईंनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत बालगृह उघडले. त्या १९३९ मध्ये भारतात आल्या, महायुद्धामुळे इथेच अडकल्या आणि त्या काळात त्यांनी अनेक भारतीय शिक्षकांना प्रशिक्षण दिले. पण त्यांची पुस्तके त्यांच्याही आधी पोचली होती. गुजरातेत गिजुभाई बधेका नावाच्या वकिलाने स्वतःच्या मुलाच्या निमित्ताने ती वाचली, वकिली सोडली आणि भावनगरला १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले.

त्या बालमंदिरात येऊन मिळाल्या ताराबाई मोडक. वऱ्हाडच्या वाचकाने इथे थोडे थांबावे, कारण ताराबाई काही वर्षे अमरावतीच्या होत्या. १८९२ साली मुंबईत जन्मलेल्या, १९१४ मध्ये पदवीधर झालेल्या या बाई लग्नानंतर अमरावतीला एका वकिलाच्या घरी आल्या. संसार टिकला नाही. त्या राजकोटला मुलींच्या अध्यापन महाविद्यालयात प्राचार्या झाल्या आणि तिथून भावनगरला गेल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. ‘शिक्षण पत्रिका’ हे मासिक आधी गुजरातीत निघाले आणि १९३३ पासून मराठीतही. १९३६ मध्ये दादरला त्यांनी शिशुविहार सुरू केले. इथपर्यंतची गोष्ट सुशिक्षित, मध्यमवर्गीय मुलांची आहे. ताराबाई तिथेच थांबल्या असत्या तरी त्यांचे नाव राहिले असते, पण पिंपळगाव राजाशी त्यांचे काही नाते जडले नसते.

ते नाते जडले १९४५ मध्ये. त्या वर्षी ताराबाई दादर सोडून डहाणू तालुक्यातल्या बोर्डी गावी गेल्या आणि तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र उभे राहिले. त्यांच्यासोबत होत्या अनुताई वाघ. १९१० साली पुणे जिल्ह्यातल्या मोरगावला जन्मलेल्या, तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य, त्यानंतर शिकून शिक्षिका झालेल्या. दोघींची भेट त्याच वर्षी बोरिवलीला ग्रामसेविकांच्या शिबिरात झाली होती. ते वर्षही साधे नव्हते. त्याच पट्ट्यात गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता. म्हणजे बाप जमीनदाराशी झगडत होता आणि पोर बालवाडीत येणार की नाही, हा प्रश्न त्याच झोपडीत उभा होता.

पोर आले नाही. बालवाडीची घंटा वाजली तरी दलित वस्तीतली मुले तिकडे फिरकेनात. कोणाच्या काखेत धाकटे भावंड, कोणाला लाकडे आणायची, कोणाला अंगावर घालायला काही नाही. तेव्हा बायांनी बालवाडीच उचलून वस्तीत नेली. कोणाच्या तरी अंगणात, झाडाखाली मुलांना जमवायचे. आधी आंघोळ, नखे, केस. मग गाणी, गोष्टी, खेळ. अंगणात भरणारी ती अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरली आणि तिला नाव मिळाले कुरणशाळा. माँटेसरीच्या पॉलिश केलेल्या महागड्या साहित्याच्या जागी शंखशिंपले, बिया, काड्या, पाने, दगड आले. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर हलले आणि तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र चालवणारी विकासवाडी आकाराला आली. मोठी बहीण शाळेत, धाकटा पाळण्यात आणि मधला बालवाडीत. बहिणीला घरी थांबण्याचे कारणच उरले नाही. या एका सोयीमागची हुशारी शिक्षणशास्त्राच्या कितीतरी पुस्तकांपेक्षा मोठी आहे. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले, १९७३ मध्ये त्या गेल्या. अनुताई १९९२ पर्यंत काम करत राहिल्या आणि ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे पुस्तक मागे ठेवून गेल्या.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने देशातल्या ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा केंद्राला नाव दिले अंगणवाडी. बोर्डीच्या अंगणातून निघालेले नाव दिल्लीमार्गे देशभर पसरले. आज महाराष्ट्रात लाखाच्या वर अंगणवाड्या आहेत. नाव पोचले. रीत मात्र सगळीकडे पोचली नाही. योजनेत सहा सेवा आहेत: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण. यातल्या पाच वजनकाट्यावर, लसीच्या कार्डावर किंवा शिधापत्रकात मोजता येतात. सहावी मोजता येत नाही, म्हणून वरिष्ठांच्या बैठकीत तिच्याबद्दल शेवटी विचारतात, किंवा विचारतच नाहीत.

सेविकेचा दिवस कसा जातो ते पाहिले की हे उमजते. वजने घ्यायची, गरोदर बायांच्या नोंदी ठेवायच्या, गृहभेटी करायच्या, निवडणूक आली की यादीचे काम, साथ आली की सर्वेक्षण. वर मोबाइलवरची नोंद. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले फोन परत केले होते. फोन निकृष्ट आणि ॲप इंग्रजीत, ही त्यांची तक्रार होती. डिसेंबर २०२३ पासून त्यांचा राज्यव्यापी संप दीडेक महिना चालला. कायद्याच्या नजरेत त्या अजूनही ‘मानधनावरच्या’. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या ग्रॅच्युइटीला पात्र आहेत असा निर्णय दिला, तोही गुजरातेतल्या बायांनी दाद मागितल्यावर. एवढे सगळे सांभाळून तिने सुरकुतलेल्या हरभऱ्याबद्दल प्रश्न विचारावा, ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करतो?

म्हणून गावातला जरा बऱ्या परिस्थितीतला बाप पोराला व्हॅनमध्ये बसवून इंग्रजी नर्सरीत पाठवतो, तेव्हा त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. त्याला बूट, टाय, वही आणि वहीत लिहिलेले काहीतरी दिसते. अंगणवाडीत त्याला बिया दिसतात. त्याचा हिशेब खोटा नाही. त्याला दाखवलेला माल खोटा आहे. प्रा. यशपाल यांच्या समितीने १९९३ मध्येच ‘ओझ्याविना शिक्षण’ या अहवालात बालवर्गांतल्या औपचारिक अभ्यासावर आणि प्रवेशाच्या मुलाखतींवर बोट ठेवले होते. त्यानंतर सिनिअर केजीच्या वह्यांची जाडी वाढतच गेली. फिनलंडमध्ये शाळा सातव्या वर्षी सुरू होते, असे त्या बापाला सांगून काही उपयोग नाही. फिनलंडमध्ये सातव्या वर्षापर्यंत मूल ज्यांच्या हाती असते ती माणसे शिकलेली, पुरेसा पगार घेणारी आणि हाताखाली मोजकीच मुले असलेली असतात, हेही सांगावे लागेल. मग बाप विचारील, ‘‘मंग आपल्याकडं काऊन नाही?’’

कायद्यात त्याचे एक उत्तर सापडते. मूळ राज्यघटनेच्या ४५ व्या कलमात चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांच्या शिक्षणाचा उल्लेख होता, त्यात लहानगीही आलीच. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला आणि सहा वर्षांखालच्यांना ४५ व्या कलमात, राज्याने प्रयत्न करावेत या सदरात ठेवले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानला, २०२२ मध्ये त्याचा अभ्यासक्रम आराखडा आला, राज्यात अंगणवाडीसाठी ‘आकार’ हा अभ्यासक्रम त्याआधीच होता. कागदावर मूल तिसऱ्या वर्षी शिक्षणात शिरते. हक्क मात्र सहाव्या वर्षी सुरू होतो.

हे सगळे कशासाठी, असे हिशेबी माणूस विचारील. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या इप्सिलँटी गावी १९६२ ते १९६७ या काळात १२३ गरीब कृष्णवर्णीय मुलांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले गेले. एकाला चांगली बालवाडी मिळाली, दुसऱ्याला नाही. ही मुले चाळिशीची होईपर्यंत त्यांचा माग ठेवला गेला. बुद्ध्यंकातला फरक काही वर्षांत पुसला गेला. पण बालवाडीत गेलेल्यांपैकी अधिक जणांनी शाळा पुरी केली, अधिक जण नोकरीला टिकले आणि कमी जण तुरुंगात गेले. जे टिकले ते हुशारी नव्हते. थांबणे, चिकाटी, दुसऱ्याबरोबर काम करणे, असले काहीतरी होते. ताराबाई-अनुताईंना यासाठी आकडेवारीची गरज पडली नाही. पण अर्थसंकल्प मांडणाऱ्यांना ती पडते.

बुलढाण्याच्या वर्गात आणखी एक गोष्ट मुलाला रोज पेलावी लागते, आणि ती इप्सिलँटीत नव्हती. घरात ‘मले भूक लागली’ म्हणणारे मूल गाण्यात, गोष्टीत आणि पुढे पुस्तकात ‘मला’ ऐकते. घरातले भेदरं पुस्तकात टोमॅटो होते आणि वावराचे शेत होते. कोणी बंजारा तांड्यावरून गोरमाटी घेऊन येते, कोणाच्या घरी उर्दू असते. याच जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यात निहाली बोलली जाते. जगातल्या कुठल्याही भाषाकुळाशी तिचे नाते अजून जोडता आलेले नाही आणि ती बोलणारे दोन-अडीच हजारांच्या आसपास उरले आहेत. त्या घरातले चार वर्षांचे मूल पहिल्या दिवशी वर्गात येते तेव्हा ताईचा एक शब्द त्याला कळेल याची खात्री नाही. ते गप्प बसते. नोंदवहीत त्याच्यापुढे ‘बोलत नाही’ असा शेरा पडू शकतो. ते घरी किती बडबड करते, हे विचारायला वहीत रकाना नाही. चांगली ताई ‘मले नाही, मला म्हण’ अशी सुरुवात करत नाही. ती मुलाचे वाक्य त्याच्या बोलीत पुरे होऊ देते आणि उत्तर देताना आपले वाक्य जोडते. दोन भाषा एकत्र पेलण्याची ताकद या वयाइतकी पुन्हा कधी नसते. अट एकच, आपली भाषा चुकीची आहे असे मुलाला वाटता कामा नये.

एका सरकारी उपक्रमाने मात्र ‘काय शिकतीन?’ या प्रश्नाला गावासमोर उत्तर देण्याचा प्रयत्न केला आहे. २०२२ पासून पहिलीत जाणाऱ्या मुलांसाठी राज्यातल्या शाळांत ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान सुरू झाले. मेळाव्याच्या दिवशी शाळेच्या पटांगणात टेबले मांडतात. एका ठिकाणी मूल दोन्ही पायांवर उडी मारते, पुढे वस्तूंचे गट करते, चित्र पाहून गोष्ट सांगते, वस्तू मोजते, अनोळखी माणसाला आपले नाव सांगते. प्रत्येक टेबलावर आई शेजारी उभी असते. पोराला काय जमते, कुठे अडते हे तिच्या डोळ्यांसमोर विकासपत्रावर लिहिले जाते. ज्या ज्ञानाला वही नाही, त्याची ही नोंद. मेळाव्यात कधी सजावट जास्त आणि काम कमी असेही होते, पाहुण्यांचे सत्कार लांबतात आणि पोरे उन्हात कंटाळतात. सरकारी कार्यक्रमाचे हे दुखणे जुनेच आहे.

तरी त्यातली पुढची पायरी अधिक कामाची आहे. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. मेळावा आणि शाळा यांच्या मधल्या आठवड्यांत वस्तीतल्या आयांचे गट बनतात आणि त्यांना घरी करायच्या गोष्टींची कार्डे दिली जातात: भाजी निवडताना मुलाकडून देठ मोजून घ्या, भांड्यांची लहान-मोठी उतरंड लावायला सांगा, आज काय पाहिले ते विचारा. वऱ्हाडातल्या बाईच्या दिवसात यासाठी वेगळा तास काढण्याची सोय नसते, आणि कार्ड तो मागतही नाही. जी बाई सकाळी वावरात जाऊन संध्याकाळी भाकरी थापते, तिने परातीशी बसलेल्या पोराला पिठाचा एक गोळा द्यायचा आणि ‘‘हा मोठा का माह्या हातातला?’’ एवढे विचारायचे. ते विचारणारी बाई चौथी शिकलेली असली तरी चालते. पाच-सहा आयांच्या गटात एखादी जास्त शिकलेली निघतेच, ती कार्ड मोठ्याने वाचून दाखवते.